कागदाचं चिलखत आणि डाळजचं चिनी सैन्य

बारामतीत माझं ड्रेपरीचं दुकान होतं. ड्रेपरी म्हटलं की नवीन माणूस पडदे आणि चादरी मागतो, म्हणून आधीच सांगते. नाटकाचे, शाळेच्या गॅदरिंगचे, यात्रेतल्या वगाचे आणि मिरवणुकीतल्या देखाव्याचे कपडे भाड्यानं द्यायचे, असा आमचा धंदा. सासऱ्यांनी सुरू केला, त्यांच्यामागं मी चालवला, आणि आता गुडघे ऐकेनासे झाल्यावर जळोचीच्या घरी बसून मी सुनेला न मागितलेले सल्ले देत असते.

या धंद्यात माणसं फार पाहायला मिळतात. रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमासाठी एकानं यमाचा पोशाख नेला होता. कार्यक्रम संपल्यावर तो तसाच, शिंगांच्या मुकुटात, मोटरसायकलवरून परत यायला निघाला आणि त्याच्याकडंच हेल्मेट नव्हतं. पोलिसांनी यमाला बाजूला घेतलं. आणखी एक म्हातारे गृहस्थ यायचे, तरुणपणी गावच्या नाटकात स्त्रीपार्ट करणारे. वर्षातून एखाद्या दुपारी यायचे, नऊवारी आणि नथ मागायचे, आतल्या खोलीतल्या आरशासमोर थोडा वेळ बसायचे, आणि सगळं नीट घडी घालून परत द्यायचे. त्यांच्यासाठी ती नथ मी वेगळ्या डबीत ठेवत असे.

पण लोक मला विचारतात ते एकाच कामाबद्दल. मी उजनीच्या काठावर चिनी सैन्य उभं केलं, त्याबद्दल.

झालं असं. जगातल्या जुन्या सैन्यांवर एक माहितीची मालिका निघत होती. वेगवेगळ्या देशांचे सैनिक कसे लढायचे, काय घालायचे, कशा रांगा करायचे, ते माणसं उभी करून दाखवायचं. त्यातला चीनचा भाग डाळजजवळ करायचं ठरलं. भिगवणच्या अलीकडं, धरणाचं पाणी ओसरतं तिथं मोठं सपाट रान मोकळं होतं. समोर समुद्रासारखं पाणी, मागं कुठं विजेचा खांब नाही. त्या लोकांना चीनचा किनारा हवा होता, तो तिथं सापडला.

मालिकेचं सगळं सामानसुमान बघणारा समीर नावाचा मुलगा माझ्या दुकानात आला. बोलायला गोड, सदा घाईत. त्याच्याबरोबर पुण्याच्या वैदेहीताई होत्या. त्या चिनी भाषा शिकवायच्या आणि जुन्या शस्त्रांचा त्यांचा अभ्यास होता. समीर म्हणाला, "मावशी, मावळे जसे करता तसेच करायचे. फक्त चिनी."

वैदेहीताईंनी कपाळावर हात मारला नाही, पण डोळे मिटले.

मग त्यांनी टेबलावर फोटो पसरले आणि मला बसवून शिकवलं. चिनी चिलखत म्हणजे अखंड लोखंडी पिंप नव्हे. बोटभर लांबीच्या कातड्याच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या, प्रत्येकीला भोकं पाडलेली, दोरीनं एकमेकींना बांधत बांधत केलेला कुडता. माणूस वाकला की तोही वाकतो, एखादी पट्टी तुटली तर तेवढीच बदलायची. मला ते लगेच पटलं. आमच्याकडं बाजेची नवार अशीच, जिथं तुटली तिथं गाठ मारतात.

एवढ्या पट्ट्या बांधायला माणसं लागणार होती. माझ्या दुकानात दोन शिंपी आणि मी. म्हणून मी पणदऱ्याच्या अक्कांना निरोप धाडला. अक्का म्हणजे गोधड्या शिवण्यात त्या भागातलं पहिलं नाव. वय साठीच्या पुढं, हातात दाभण असली की तोंडही तेवढंच चालणार. त्या आपल्या ओळखीच्या बायका घेऊन टेम्पोनं आल्या, फोटो निरखून बघितले आणि म्हणाल्या, "हे सोपं हाय. पर चहा तुमचा."

समीरनं रेक्झिनच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायकांनी बैठक मारली. आम्ही घरावर कौलं घालतात तशा रांगा बांधल्या, वरची पट्टी खालच्या पट्टीवर. पहिलं चिलखत झालं तेव्हा ते इतकं सुरेख दिसत होतं की अक्कांनी त्याची दृष्ट काढली.

ते घालून बघायला डाळजहून सिदूतात्या आले. यांच्याबद्दल नीट सांगायला हवं. सिदूतात्या डाळजच्या लेझीम पथकाचे म्होरके. पन्नाशी ओलांडलेला, काटक, मिशीवाला माणूस. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. आता ऊस, दोन म्हशी आणि एक टेम्पो. सैन्यासाठी माणसं जमवायचं काम समीरनं त्यांच्यावर सोपवलं होतं आणि तात्यांनी आख्खं लेझीम पथकच चीनच्या चाकरीत भरती केलं होतं.

तात्या चिलखत घालून ऐटीत उभे राहिले. मग चहा आला म्हणून खुर्चीवर बसायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले. खाली जाता येईना. पोटावरच्या पट्ट्या एकमेकींत रुतून वर चढल्या होत्या आणि गळपट्टीनं त्यांची हनुवटी उचलून धरली होती.

"बाई," तात्या आढ्याकडं बघत म्हणाले, "चिनी लोक बसत नव्हते का कधी?"

वैदेहीताई हसल्या आणि त्यांनी चीनच्या पहिल्या बादशहाच्या थडग्यात सापडलेल्या मातीच्या सैनिकांचा फोटो मोबाईलवर उघडला. हाताएवढा मोठा करून दाखवला. छातीवर वरची पट्टी खालचीवर होती, आमच्यासारखीच. पण पोटावर आल्यावर उलटं, खालची पट्टी वरचीवर. माणूस वाकला की पट्ट्या एकमेकींवर घसरून जाव्यात म्हणून.

अक्कांनी चष्मा पुसून फोटो बघितला. "म्हंजे चिन्यान्लाबी पोटं होती," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या चिलखतांची पोटं उसवायला घेतली.

हे पट्ट्यांचं काम मार्गी लागलं तेव्हा वैदेहीताईंनी दुसरा विषय काढला. पुढच्या काळात किनाऱ्यावर चाच्यांशी लढणारी एक तुकडी दाखवायची होती, आणि तिच्यासाठी त्यांना कागदाचं चिलखत हवं होतं.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आयुष्यभर मी कागदात हात घातले होते. कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ यांतून मी मुकुट केले, गदा केल्या, गरुडाचे पंख केले. सासरे सांगायचे, पहिल्या रांगेतल्या माणसाला खरं वाटलं की आपलं काम झालं. गदा डोक्यात बसली तरी टेंगूळ येता कामा नये, ही आमच्या मालाची खूण. आणि या बाई सांगत होत्या की चीनच्या दक्षिणेला हवा इतकी दमट की लोखंड गंजतं, कातडं कुजतं, म्हणून तिथले सैनिक खरोखर कागदाची चिलखतं घालून लढायला जायचे. एकावर एक थर, कुटून मऊ केलेले, टाके घालून घट्ट केलेले.

समीरला ते ऐकायलाच नको होतं. "मावशी, फोम लावू. वरून रंग मारू. कॅमेऱ्याला काय कळतंय?"

माझंही मत समीरच्या बाजूनंच होतं. इतकी वर्षं आम्ही दिसण्यावर जगलो, मग आता असण्याचा आग्रह कशाला? पण वैदेहीताई शांतपणे म्हणाल्या, "बाकी सगळ्यांचं फोमचं करा. या एका तुकडीचं तरी खरं करू. जवळून चित्रण त्यांचंच आहे, आणि मला एकदा बघायचंय की हे होतं कसं. पुस्तकात वाचून कंटाळले."

तो शेवटचा शब्द मला आवडला. मी हो म्हटलं.

वर्तमानपत्राचा कागद कामाचा नव्हता, तो ओला झाला की पीठ होतो. त्यांनी पुण्याहून चिंध्यांपासून केलेला हातकागद आणला. तो आम्ही ओलसर करून धोपटण्यानं कुटायचो. कुटून कुटून कागद कापडासारखा लवायला लागायचा. मग खळ लावून थरावर थर, वर पुन्हा कुटणं, सावलीत वाळवणं, आणि शेवटी बायकांचे टाके. पहिल्या चिलखताला अक्कांची दाभण शिरेना. दोनदा वाकली. तिसऱ्या वेळी त्यांनी दाभण खाली ठेवली, चिलखत भरलेल्या पोत्यावर बांधलं, आणि आमच्या कुणाच्या लक्षात यायच्या आत कोपऱ्यातला कोयता उचलून त्यावर घातला.

कोयता अर्ध्या जाडीपर्यंत जाऊन अडकला. पोत्याला काही झालं नव्हतं. अक्कांनी पाय लावून कोयता ओढून काढला. "आता टाके घालाय मजा येईल," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून शेडमधल्या बायकांच्या टाक्यांत फरक पडला. त्या आधी कपडा शिवत होत्या, आता माणसासाठी शिवायला लागल्या. मला हे शब्दांत नीट सांगता येत नाही, पण टाका बघून मला कळतं.

संक्रांतीनंतर, पाणी ओसरायला लागल्यावर, चित्रणासाठी आम्ही डाळजच्या रानात मुक्काम ठोकला. सैन्य रोज सकाळी यायचं, आपापल्या मोटरसायकलींवरून, कडेवर ढाली घेऊन. काठावर बाभळीच्या दांड्यांचे अडसर उभे केले होते. आडव्या ओंडक्याला भोकं पाडून त्यांतून टोकदार दांडे आरपार घातलेले, घोडदळ अडवायला. त्यापुढं जमिनीवर टाकायला रबराचे काटे. हे काटे कसे पडले तरी एक टोक वरच राहतं. वैदेहीताई म्हणाल्या, "चिनी भाषेत याला लोखंडी काटेगोखरू म्हणतात. आपल्याकडं रानात उगवतो ना, तोच."

"सराटा," तात्या म्हणाले.

"हो, तोच. रोपही तेच, नावही त्यावरूनच."

सगळं पथक खुशीत आलं. मेंढरांमागं अनवाणी हिंडलेल्यांना सराटा काय चीज आहे हे सांगावं लागत नाही. एक जण म्हणाला, "म्हंजे आमच्या बांधावर फुकट दारूगोळा पडलाय."

त्या तुकडीची रचना वैदेहीताईंनी रेघा मारून शिकवली. पुढं म्होरक्या. त्याच्या मागं दोन ढालवाले. मग दोघांच्या हातात लांब बांबू, त्याच्या फांद्या पानांसकट तशाच राखलेल्या, शत्रूच्या तोंडासमोर नाचवायला, म्हणजे त्याला पुढचं दिसत नाही आणि जवळही येता येत नाही. त्यामागं भालेवाले, शेवटी आखूड शस्त्रं घेतलेले, आणि सगळ्यांच्या मागं स्वयंपाकी. प्रत्येक जण जोडीदाराला सांभाळायचा. या रचनेला त्यांच्याकडं एका बदकाचं नाव आहे, जोडीनं राहणाऱ्या. आमच्यासमोर पाण्यावर चक्रवाकाच्या जोड्या तरंगतच होत्या, त्यामुळं समजावायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो स्वयंपाकी ठरवायला. ते काम सगळ्यांनाच हवं होतं.

वैदेहीताईंनी आणखी एक नियम सांगितला. म्होरक्या पडला आणि बाकीचे पळाले, तर पळणाऱ्यांना फार कडक शिक्षा व्हायची. तात्यांनी मागं वळून आपल्या माणसांकडं बघितलं. "आयकलं का? आज माझ्या जेवणाकडंबी लक्ष द्या."

पण सुरुवातीला काही केल्या रांगा जमेनात. समीर भोंग्यातून ओरडायचा, "पुढं या, थांबा, डावी बाजू मागं." अर्धे पुढं, अर्धे उभे, एकाचा बांबू दुसऱ्याच्या शिरस्त्राणात. शेवटी तात्या म्हणाले, "सायेब, तुमचं बोलनं मानसाला कळतंय, पायाला कळत न्हाय. हलगी लावू का?"

वैदेहीताई टाळी वाजवून म्हणाल्या, "अहो, ते लोकही तेच करायचे. नगारा वाजला की पुढं, झांज वाजली की मागं."

मग हलगी आली. पहिल्याच ठेक्याला सगळं पथक एका पायावर पुढं सरकलं, ढाली एका रेषेत, बांबूंची पानं एकदम सळसळली. मी काठावर सुईदोरा घेऊन बसले होते. टाका तसाच सोडून मी उभी राहिले. लेझमीच्या नादात घोटून घेतलेली शिस्त ती, फक्त अंगावरचे कपडे परमुलखातले.

अडचण घोड्यांची झाली. चाच्यांनंतर हेच सैन्य उत्तरेच्या घोडेस्वारांशीही लढलं होतं, तेही दाखवायचं होतं. समीरनं घोडी आणली होती इंदापुरातून, लग्नाच्या वरातीतली. हलगी ऐकू आली की ती जागेवर नाचायला लागायची. शत्रूचं घोडदळ चालून येतंय आणि मान वाकवून, पाय आपटत, गिरक्या घेतंय. एका घोडीनं तर मागच्या दोन पायांवर उभं राहून आमच्या सेनापतीला सलामी दिली. समीर डोकं धरून बसला, आणि हसून हसून अक्कांचं पोट दुखायला लागलं.

म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी आणखी एक घोडं आणलं, बैलगाड्यांच्या शर्यतीत पुढं पळणारं. तांबडं, उंच, कान सारखे हलणारं. त्याला नाच माहीत नव्हता, फक्त पळणं माहीत होतं.

आमची बायकांची बैठक बाभळीखाली, सैन्याच्या पाठीमागं होती. उसवलेलं, तुटलेलं तिथल्या तिथं शिवायचं. दुपारी जेवणं झाली होती. गावातल्या बायका पोरं घेऊन बघायला आल्या होत्या, त्याही आमच्याजवळच बसल्या होत्या. तात्यांच्या घरच्या, भागाबाई, दही घेऊन आल्या होत्या. पुढं तात्यांची तुकडी, सगळी कागदाच्या चिलखतांत, घामानं निथळत. तात्या मला सकाळीच म्हणाले होते, "बाई, ह्यात मानूस मरायचा न्हाय खरा, पर उकडून निघंल."

घोडा लांबून दौडत यायचा आणि अडसरापाशी वळायचा, असं ठरलं होतं. तो निघाला. तेवढ्यात वरून चित्र काढणारा ड्रोन भलताच खाली आला. मोठी गांधीलमाशी कानाशी यावी तसा आवाज झाला. घोडा बिथरला, आडवा झाला, स्वार चिखलात पडला, आणि रिकामा लगाम उडवत ते जनावर अडसराला वळसा घालून सरळ आमच्याकडं सुटलं.

उठून पळावं एवढंही मला सुचलं नाही. माझ्या मांडीवर चिलखत होतं, दोरा दातात होता. शेजारी मुलं होती. भागाबाईंनी एका लेकराला ओढून पोटाशी धरलेलं मला दिसलं.

हलगीवाला वाजवायचा थांबला होता. तात्यांनी ढालीवर काठी आपटून मेंढरांना घालतात तशी हाळी घातली, लांब, खालच्या आवाजातली. आणि ते सगळे, रोज जसे करत होते तसे, एका पायावर पुढं झाले. एकही माणूस रांगेतून फुटला नाही. दोन्ही बाजूंनी फांद्यांचे बांबू पसरले, ढाली मधे आल्या. घोड्यासमोर एकदम हिरवं कुंपण उभं राहिलं. तो पुढचे पाय रोवून थांबला, फुरफुरला, आणि उजवीकडं फिरला. तिकडं पाण्याकडं वाट मोकळी होती. पण फिरता फिरता त्यानं मागचे पाय झाडले.

लाथ तात्यांच्या छातीत बसली. तो आवाज मी विसरलेले नाही. भिजलेली गादी काठीनं बडवावी तसा. तात्या उताणे पडले.

रांग तरीही मोडली नाही. बांबूवाले घोड्याला पाण्याकडं रेटत राहिले, आणि स्वयंपाकी झालेला गडी हातातली पळी टाकून तात्यांकडं धावला. मग मीही धावले. गुडघ्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही. तात्यांचं तोंड उघडं होतं आणि श्वास येत नव्हता. डोळे माझ्याकडंच होते. मी कमरेची कात्री काढून चिलखताच्या बाजूच्या दोऱ्या कापू लागले. अक्कांचे टाके ते, सुटता सुटेनात, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मनात त्यांना इतकं चांगलं शिवल्याबद्दल बोल लावला. भागाबाई डोक्याशी येऊन बसल्या. त्या रडत नव्हत्या, हाकही मारत नव्हत्या. नुसत्या तात्यांचा कान चोळत होत्या, धाप लागलेल्या वासराचा चोळतात तसा.

शेवटची दोरी तुटली, चिलखत बाजूला झालं, आणि तात्यांनी मोठ्यानं घरघरत श्वास ओढला. मग खोकले. मग म्हणाले, "घोडं कुटं हाय?"

"पान्यात हुबं हाय," स्वयंपाकी म्हणाला.

"आन् पोरं?"

"हितंच हायती. समदी नीट."

तेव्हा कुठं भागाबाईंनी पदर तोंडाला लावला.

गाडीत घालून त्यांना भिगवणच्या दवाखान्यात नेलं. मी चिलखत घेऊनच गेले. का, ते मलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला. एका बरगडीला तडा गेला होता, बाकी आत सगळं ठीक. लाथ नक्की छातीतच बसली ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी चिलखत टेबलावर ठेवलं. वरचे थर फाटून आत दबले होते आणि नालाचा अर्धा गोल स्पष्ट उमटला होता. आतला शेवटचा थर मात्र शाबूत होता, टाक्यांसकट. डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवलं. "हे कशाचं आहे?"

"कागदाचं," मी म्हटलं.

मला तो शब्द उच्चारताना इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

समीर बाहेर बाकावर बसला होता, पांढराफटक. फोमचं चिलखत असतं तर काय झालं असतं, हे तो स्वतःच मोजत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "मावशी, उद्यापासून ड्रोन बंद." आणि खरोखर बंद ठेवला. वैदेहीताई आत तात्यांपाशी जाऊन बसल्या. त्यांना वाटत होतं की खऱ्या चिलखताचा हट्ट आपला, म्हणजे हे सगळं आपल्यामुळंच ओढवलं. तात्यांनी त्यांना उलट विचारलं, "ताई, त्या चिन्यांचं एक सांगा. म्होरक्या पडला आन् बाकीचं पळालं न्हाईत, मंग त्यास्नी काय बक्षीस?"

ताई फोनवर शोधायला लागल्या. तात्या म्हणाले, "मंग मटान धरू."

आणि तसंच झालं. उरलेलं चित्रण पूर्ण करून शेवटच्या दिवशी साऱ्या सैन्यानं काठावर मटणाच्या पंगती घातल्या. स्वयंपाक त्या स्वयंपाक्यानंच केला आणि मीठ जास्त पडलं.

मालिका पुढं दाखवली गेली. आम्ही सगळे दुकानात बसून बघितली. तात्यांची तुकडी पडद्यावर आली आणि डोळा लवायच्या आत गेली. त्यावर कुणीतरी भारदस्त आवाजात काहीतरी सांगत होतं. अक्का म्हणाल्या, "माझा टाका दिसला न्हाय." नव्हताच दिसला. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. इतकी वर्षं मी या कामात काढली आणि खरी वस्तू करण्यातली मजा मला हात थकायला आल्यावर कळली. आता तर पोशाख फोनवरून मागवतात, चकचकीत, एकदा घातला की शिवण सुटणारा. सून त्यातूनही धंदा करते, चांगला करते. पण तिच्याकडं कोयता घेऊन माल तपासणारं गिऱ्हाईक कुणी येत नाही.

तात्या बरे झाल्यावर काही महिन्यांनी भागाबाई एकट्याच बारामतीला आल्या. दुकानात बसल्या, पाणी प्याल्या, इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "बाई, यांना केलंत तसलं एक मला करून देता का?"

"तुम्हाला कशाला?"

"आमच्या थोरल्या म्हशीचं रेडकू गेलंय. तवापासनं धार काढाय बसलं की लाथ मारती. ह्यांना तर बरगडीमुळं जवळ जाऊ देत न्हाय मी. म्हनलं, घोड्याची लाथ सोसली, तर म्हशीची सोसंल."

मी मनापासून केलं. त्यांच्या मापाचं, खांद्यावर रुंद, खाली बसता यावं म्हणून पोटापाशी आखूड. टाके अक्कांनीच घातले. नेऊन द्यायला आम्ही दोघी डाळजला गेलो, कारण परिणाम बघितल्याशिवाय अक्का राहणार नव्हत्या. भागाबाईंनी लुगड्यावर चिलखत बांधलं, बादली घेतली आणि म्हशीपाशी बसल्या. तात्या लांब खाटेवर बसून बघत होते. म्हशीनं एक पाय उचलला. मग तिनं मान वळवली, चिलखताचा वास घेतला, आणि भागाबाईंचा खांदा चाटायला लागली, रेडकाला चाटतात तशी. चिंचोक्याची खळ तिला गोड लागली असावी. चाटता चाटता पाय खाली टेकला, आणि बादलीत धार वाजायला लागली.

अक्कांनी पुढं होऊन म्हशीची दृष्ट काढली.

पुढच्या मोसमात भागाबाई पुन्हा दुकानात आल्या. पिशवीतून चिलखत काढून त्यांनी माझ्यासमोर पसरलं. डावा खांदा नाहीसाच झाला होता, कडेला दातांच्या खुणा होत्या.

"लाथ मारली का हो तिनं?" मी विचारलं.

"एकदाबी न्हाय," भागाबाई म्हणाल्या. "पर औंदा जरा जाड करा. ह्ये तिचं खाऊन झालं."